धामकाठचं बाकडं

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही आणि 1974 पासून दारूलाही परवानगी नाही. मुंबईचा किनारा इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर. तरीही समुद्रकाठच्या गावातला चांगला गुत्ता कसा असतो यावर मला बोलायचं आहे, कारण माझा धंदा मी तिथेच शिकलो. उमेदीची काही वर्षं मी गोव्यात बार्देशातल्या एका मच्छीमार गावात तावेर्नात काम केलं. आता पवनारला धाम नदीच्या जवळ चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवतो. तिथे फेणी होती, इथे चहा आहे. काम मात्र एकच आहे, माणसांना बसू देण्याचं.

तावेर्न म्हणजे पर्यटकांचा बार नव्हे. घराच्याच पुढच्या खोलीत चार बाकं, फळीवर काजूच्या आणि माडाच्या फेणीच्या बाटल्या, उकडलेली अंडी, खारवलेलं मासळीचं काहीतरी, उन्हाळ्याच्या तोंडावर हुर्राक ही काजूची हलकी दारू. चालवणारी एक म्हातारी बाई, सगळे तिला माय म्हणत. रापण ओढून आलेले लोक, जाळी विणणारे, शाळेतले मास्तर, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्यावर दिवसभर काही काम नसलेले खलाशी, हे तिचं गिऱ्हाईक. पेला भरताना तिची नजर पेल्यावर कमी आणि माणसावर जास्त असे. कोणाला किती पचते, कोणाच्या घरी आज काय झालंय, कोणाचा पगार कुठे अडकलाय, हे तिला ठाऊक असे. मग एका क्षणी ती म्हणे, "आतां पुरो, घरा वच." त्यावर कोणी वाद घातलेला मी पाहिला नाही. तिने विकलेल्या दारूपेक्षा तिने नाकारलेली दारू त्या जागेची पत ठरवायची, असं माझं आजही मत आहे.

दुसरी गोष्ट मी तिथे शिकलो ती पाण्याची. तिची बाकं समोरासमोर नव्हती. भिंतीला पाठ लावून सगळी समुद्राकडे तोंड करून. पहिल्यांदा वाटलं, जागा वाचवायला असेल. मग लक्षात आलं, पाणी समोर असलं की माणसं एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलतात. बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच बाकावर येऊन बसत. दोघंही लाटांकडे बघत. अर्ध्या तासाने एक जण भरतीबद्दल काहीतरी म्हणे, दुसरा हूं म्हणे. टेबलाभोवती खुर्च्या असत्या तर त्यांना समोरासमोर बसावं लागलं असतं आणि ते बसलेच नसते. किनाऱ्यावरच्या जागेचं खरं भांडवल ते हेच. वारा आणि देखावा पर्यटकांसाठी.

पवनारला परतल्यावर मी पहिली गोष्ट केली ती प्लास्टिकच्या खुर्च्या काढून टाकण्याची. खुर्ची एकट्याची असते. रिकामी खुर्ची ओढून दुसऱ्याच्या टेबलाजवळ जायला माणसाला ओळख लागते, धीर लागतो. बाकडं तसं नाही. "सरक नं जरासा" एवढं म्हटलं की झालं. सागवानाची रुंद फळी, पाठ टेकायला भिंत, आणि पाय जमिनीला पुरतील एवढीच उंची, कारण संध्याकाळी येणारा माणूस दिवसभर वावरात उभा राहिलेला असतो. बाकडी मी नदीच्या बाजूला वळवून ठेवली. धाम म्हणजे समुद्र नव्हे. उन्हाळ्यात ती खडकांमधून रांगते. पण तेवढ्या पाण्यानेही काम होतं.

या गावाला समुद्र माहीत नाही असंही म्हणता येत नाही. वाकाटकांचं प्रवरपूर म्हणजे आजचं पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने महाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' लिहिलं, रामाच्या सैन्याने समुद्रावर सेतू बांधला त्याचं काव्य. विनोबा 1938 मध्ये इथे राहायला आले, आणि त्यांच्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना राम-भरत भेटीची शिल्पाकृती सापडली, ती आज तिथे पाहता येते. आश्रम पाहून आलेली मंडळी चहाला थांबतात तेव्हा मी हे आवर्जून सांगतो.

आता चहा. चहाबद्दल आमच्या जिल्ह्यात बोलताना एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे, गांधीजींना चहा पटत नव्हता. 'आरोग्याची किल्ली' 1942 ची, त्यात चहा-कॉफीविरुद्ध त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. मी त्यांच्या जिल्ह्यात राहून चहा विकतो आणि मला तो विकावासा वाटतो. म्हणून तो नीट करतो. पाण्यात आलं आधी चांगलं उकळू द्यायचं, कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं. मग पत्ती, साखर, शेवटी म्हशीचं दूध, आणि एक कढ वर येऊन खाली बसला की उतरवायचा. मोठं पातेलं एकदा करून तेच दिवसभर उकळत ठेवणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय. चहा कडवट होतो आणि पोटात जळतो. थोडा करावा, पुन्हा पुन्हा करावा. हाफ चहा कितीही स्वस्त असो, सकाळच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या माणसाला एकाच चवीचा मिळाला पाहिजे. सकाळी तर्री-पोहा असतो, चण्याचा लाल रस्सा वर ओतून. तो मात्र वाटसरूंसाठी. गावचा माणूस घरी खाऊन येतो.

वाटसरूंचं हॉटेल आणि गावचं हॉटेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूर-वर्धा रस्ता मोठा झाला, डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गावरून गाड्या जिल्ह्याच्या अंगावरून भुर्रकन जायला लागल्या. रस्त्यावरचे धाबे वाढले. तिथला माणूस खाण्याची परीक्षा करतो, पैसे देतो आणि निघून जातो. गावचा माणूस बसण्याची परीक्षा करतो. त्याने हाफ चहा घेतला आणि दीड तास बसला तर हिशेबाने मी तोट्यात. पण त्याच्या बसण्यामुळेच दुसरा येतो, आणि तो नसला की तिसरा विचारतो, "काऊन बाप्पा, भाऊ दिसला नाही आज?" धंदा याच विचारण्यावर चालतो.

हॉटेलात कामाला येणाऱ्या पोरांना मी एक नियम पहिल्याच दिवशी सांगतो. चहा संपला तरी कप उचलायचा नाही. कप उचलला की माणसाला वाटतं, आता उठायला पाहिजे. रिकामा कप समोर असेपर्यंत तो गिऱ्हाईक असतो आणि त्याला बसायचा हक्क असतो. टेबल पुसायला फडकं घेऊन येणं, पंखा बंद करणं, शेजारचं बाकडं उलटं करणं, ही सगळी माणसाला उठवायची भाषा आहे. ती आमच्याकडे बोलायची नाही. उन्हाळ्यात तर अजिबात नाही. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा माठातलं पाणी न मागता पुढे यावं आणि त्याचा चहाशी संबंध नसावा.

उधारीची वही आहे. कापूस विकून पैसे हाती येईस्तोवर बऱ्याच घरांचं खातं उघडं राहतं. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता, आणि ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे द्यावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे. अशा जिल्ह्यात वही नुसती पैशांची नसते. रोज येणारा माणूस सलग काही दिवस आला नाही, किंवा आला आणि न बोलता बसला, किंवा अचानक येऊन सगळी उधारी एकदम फेडायला लागला, तर हॉटेलवाल्याने त्याच्या घरी जाऊन यावं. हे मी धंद्याचा भाग मानतो. कोणाला तरी पाठवून भागत नाही, स्वतः जावं लागतं.

दारूबंदी आहे म्हणजे दारू नाही असं नाही. मोहाची चोरून गाळली जाते, बाहेरून येते, आणि तिच्यामुळे ज्या बायकांचे संसार मोडले त्यांनी गावोगाव मोर्चे काढलेले आम्ही पाहिले आहेत. मी त्या बायकांच्या बाजूचा आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, ते मला चांगलं वाटलं नाही. पण पिऊन आलेला माणूस माझ्या दारात आला तर मी त्याला हाकलत नाही. टोकाच्या बाकावर बसवतो, ताक देतो, पोरांनी त्याची टिंगल केली तर पोरांना उठवतो, आणि त्याच्या गल्लीतला कोणी निघाला की त्याच्यासोबत घरी धाडतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस शुद्धीत येतो, चहा घेतो. त्याच्याशी मी कालचा विषय काढत नाही. इथे मला मायचं "आतां पुरो" आठवतं. तिच्या हातात बाटली होती, म्हणून तिला थांबवता यायचं. माझ्या हातात बाटली नाही. मला त्याला बसवूनच थांबवावं लागतं.

आणि इथेच गांधीजींनी 1941 च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेत लिहिलेल्या 'रचनात्मक कार्यक्रमा'ची गोष्ट येते. दारूबंदीच्या भागात त्यांनी एक सूचना केली होती: काँग्रेस कमिट्यांनी विश्रांतीच्या जागा उघडाव्यात, जिथे थकलेला मजूर अंग टेकेल, त्याला आरोग्याला चांगलं आणि स्वस्त खायला-प्यायला मिळेल, आणि खेळायला काही असेल. कायदा एकटा पुरणार नाही, हे त्यांना इथे बसून दिसलं होतं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाची माणसं होती, शिंदीच्या झाडांचा रस ताजा असताना उतरवून त्याची नीरा आणि गूळ करण्याचे प्रयोग याच भागात झाले. गुत्त्याच्या जागी काय ठेवायचं, याचा विचार इथे झाला होता.

इंग्लंडमध्येही एकोणिसाव्या शतकात दारूबंदीवाल्यांनी कॉफीचे गुत्ते काढले होते. त्यांतले पुष्कळ टिकले नाहीत. कॉफी पांचट आणि वर उपदेश, असं असल्यावर मजूर येईल कशाला? जॉर्ज ऑर्वेल याने 1946 मध्ये 'इव्हनिंग स्टँडर्ड' या वर्तमानपत्रात मनातल्या आदर्श पबचं वर्णन केलं. त्यात मला दोन गोष्टी फार पटतात. एक, लोक तिथे बिअरइतकेच गप्पांसाठी येतात. दुसरी, मागे बाग असावी, म्हणजे बायका-मुलांनाही येता येतं. तो पब प्रत्यक्षात नव्हताच, हे त्यानेच लेखात सांगितलं.

बायकांचा मुद्दा मी शेवटी घेतोय, कारण तो सगळ्यात अवघड आहे. गोव्यात तावेर्न बाई चालवत होती, म्हणून बायकांचं येणं-जाणं सहज होतं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे पुरुषांचा अड्डा. नदीवर कपडे धुऊन येणारी बाई समोरून जाते पण थांबत नाही. पाटी लावून हे बदललं नाही. बायको गल्ल्यावर बसायला लागली तेव्हा बदललं. आधी तिच्या ओळखीच्या, मग बचत गटाच्या बैठकीनंतर चार-पाच जणी. त्यांच्यासाठी वेगळा पडदा, वेगळी खोली मी केली नाही, बायकोनेच करू दिली नाही. "पडदा लावला का त्या गिऱ्हाईक नाही राहत, पाहुण्या होतात," ती म्हणाली. बायका बसायला लागल्यापासून शिव्या कमी झाल्या, खर्रा खाऊन पिचकाऱ्या मारणं कमी झालं, आणि पत्त्यांचा डाव मागणारे गेले. कॅरम राहिला. तो रात्री नऊपर्यंत चालतो.

दारूबंदीच्या चळवळीतल्या माझ्या ताया-दादांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि आमदार-खासदारांना माझं सांगणं आहे. बंदी ठेवा, अंमलबजावणी कडक करा, मी तुमच्यासोबत आहे. पण प्रत्येक गावात एक शेड द्या. त्यात पाठ टेकायला भिंत असलेली बाकडी, रात्री दहापर्यंत जळणारा दिवा, माठ, कॅरम आणि परवडणारा चहा असू द्या. चालवायला गावातलंच माणूस ठेवा, बाई असेल तर उत्तम. भिंतीवर सुविचार लिहू नका. आणि कप संपला म्हणून कोणाला उठवू नका.