चेहरा न फिरवता

स्क्रोल सॉच्या साध्या पात्याला पुढे दात असतात आणि मागे पाठ. पाच इंचांची ती पोलादी पट्टी मशीनच्या दोन बाहूंमध्ये ताणून बसवायची, खटका दाबायचा, की ती जागच्या जागी खालीवर होऊ लागते. कापते ती फक्त समोर. म्हणून रेघ वळली की लाकूड वळवावं लागतं. वेल, कोयरी, जास्वंदीची पाकळी कापताना हे वळणं फार सुखाचं असतं. हातांना लय सापडते. चेहरा कापायला घेतला की मात्र तीच लय मला नकोशी होते. भुवईच्या टोकाशी फळी अर्धी वळते, डोळ्याच्या कडेला पूर्ण उलटी होते, हनुवटी वर आणि कपाळ खाली. ज्या माणसाला आपण जन्मभर सरळ पाहिलं, त्याचा चेहरा आपल्याच हाताखाली अनोळखी होऊन गरगरत राहतो.

पिळाचं पातं मी हाती घेतलं ते आजीसाठी.

तिचा एकच फोटो घरात आहे. डोक्यावरून पदर, रुपयाएवढं कुंकू, आणि डोळ्यांच्या कडांपासून गालांवर उतरत गेलेल्या सुरकुत्या. फोटोतलं काळं आणि पांढरं वेगळं करून कापायचा कागद तयार केला, तेव्हा तिच्या चेहऱ्यात किती लहान लहान तुकडे आहेत ते दिसलं. काळा भाग कापून काढायचा, उरेल ते लाकूड. यातली खरी अवघड गोष्ट अशी की उरलेला प्रत्येक कण दुसऱ्या कशाला तरी जोडलेला हवा. नाकाची कड ओठाला, ओठ गालाला, गाल पदराला. कुठे एक जोड तुटला की नाक गळून पडतं.

पिळाचं पातं म्हणजे तीच सपाट पट्टी, अंगभर पीळ दिलेली. पिळामुळे दात चहूबाजूंना येतात. फळी पुढे ढकला, मागे ओढा, डावीकडे सरकवा. जिकडे न्याल तिकडे ते कापतं. फळी मोठी असेल आणि फिरवताना मशीनच्या मागच्या खांबाला अडत असेल, तर हे पातं फार सोयीचं पडतं. माझी फळी तेवढी मोठी नव्हती. मला हवं होतं ते एवढंच, की काम चालू असेपर्यंत आजीने माझ्याकडे सरळ बघावं. आणि तिने बघितलं. पापणी कापतानाही ती पापणीच दिसत होती.

याची किंमत द्यावी लागते. सपाट पात्याची चीर पट्टीच्या जाडीएवढी पडते. पिळाच्या पात्याची पडते पट्टीच्या रुंदीएवढी, कारण पिळलेली पट्टी स्वतःभोवती गोल फिरलेली असते. चीर रुंद, कड खरखरीत, आणि टोकदार कोपरा गोलसर. शिवाय मागची पाठच गेल्यामुळे सरळ रेघेवर टिकून राहायला पात्याला आधार उरत नाही. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडे ते ओढ घेतं. पाइनमध्ये तर मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात. मऊ पट्टा लागला की पातं त्यातून पळू बघतं. सागाची रेषा देखणी, पण सागात सिलिका असते आणि ती बारीक दात लवकर बोथट करते. म्हणून चेहऱ्यासाठी मी बर्चचं प्लायवूड घेतलं, ६ मिलिमीटरचं. बाल्टिक बर्चच्या या जाडीत पाच थर असतात, प्रत्येकाची रेषा शेजारच्या थराला आडवी, त्यामुळे पात्याला एकच एक ओढ लागत नाही. बाजारातल्या स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या निघतात, आणि नेमकी सुरकुतीखाली पोकळी आली तर ती सुरकुती वाचत नाही.

पात्यांच्या नंबरांत आकडा वाढला की पातं जाड होतं, आणि शून्याच्याही खाली २/० येतं, ते त्याहून नाजूक. केसांना आणि पदराच्या चुण्यांना मी २ नंबर वापरला, डोळ्यांना २/०. विकत घेताना टोकं सपाट ठेवलेली पाती बघून घ्यावीत. टोकापर्यंत पीळ असलेलं पातं पकडीत नीट बसत नाही, कामात सटकतं. सपाट टोक ओवायला फळीत आधी पाडायचं भोक थोडं मोठं लागतं, ते मला चालतं. नवं पातं सुरुवातीला ताणून लांबतं, म्हणून थोडं कापून झालं की थांबून पुन्हा कसायचं. गती मध्यम, हात हलका. आधी मधली, लहानात लहान भोकं. मग बाहेर सरकायचं, म्हणजे फळी शेवटपर्यंत दणकट राहते.

हे पातं म्हणजे लाकूड फिरवायचा कंटाळा असलेल्यांसाठी, असं म्हणणारे जाणकार भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. पेन्सिल अधांतरी स्थिर धरावी आणि खालचा कागद हलवून चित्र काढावं, तसं हे काम आहे. पात्याची गेलेली पाठ आपल्या मनगटात आणावी लागते. हात किंचित थरथरला तर ती थरथर लाकडात उमटते, आणि सुरकुत्यांना ती शोभतेसुद्धा. माझ्या मते माणसाच्या केसांना, दाढीला, म्हाताऱ्या कातडीला सपाट पात्याची काटेकोर रेघ जुळतच नाही.

कापून झालं की फळीच्या मागच्या बाजूला तंतू उभे राहतात. बारीक कानस प्रत्येक भोकातून फिरवायची, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. नाकातोंडावर मास्क हवाच. हा भुसा पिठाहून बारीक असतो आणि छातीत बसतो.

शेवटी राहिला पदराचा काठ. तिथे पिळाचं पातं काढून ठेवलं आणि सपाट बसवलं. एका खांद्यापासून वर, डोक्यावरून, दुसऱ्या खांद्यापर्यंत फळी फिरवत नेली. उतरत्या बाजूला आजी पूर्ण उलटी झाली. ते मी चालवून घेतलं. नऊवारीच्या काठाला साधी चुणी पडली तरी ती थांबून दोन्ही हातांनी सरळ करायची. तो काठ मला लाटालाटांचा कापता आला नसता.