नागली आणि पोलाद

सुरगाण्याच्या डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नागली पेरली गेली. कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते; पावसाने दगा दिला तरी घर तगते. हा धोका शेतकऱ्याच्या अनुभवातला, जवळपास मोजलेला. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्यासमोर मात्र मोजमापच नव्हते. लंडनने भांडवल दिले नाही. मुंबईत ३ आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी ते उभे केले. पोलादाविषयी त्यांना लंडनहून अधिक ठाऊक होते असे नाही. वारे स्वदेशीचे होते. जोखीम आणि अनिश्चितता यांतला हा भेद अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मांडला. १९२४ मध्ये कंपनी डबघाईला आली, तेव्हा दोराबजी टाटांनी पत्नीच्या दागिन्यांसह स्वतःची मालमत्ता गहाण टाकली.