कोळ्याची पोरे

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा एक विभाग कपाटातून ओढला, तेव्हा त्यामागची रेशमाची एक चपटी पांढरी थैली फाटली आणि मोहरीच्या दाण्याएवढे पंचवीस-तीस जीव पुठ्ठ्यावर पसरले. थैलीवर त्यांची आई बसली होती. ती माझ्याकडे वळली, क्षणभर पाहत राहिली आणि उडी मारून दिसेनाशी झाली. ‘पाहत राहिली’ हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. घराच्या भिंतींवर हिंडणाऱ्या या उड्या मारणाऱ्या कोळ्याला (शास्त्रज्ञ त्याला प्लेक्सिपस म्हणतात) आठ डोळे असतात. पण पुढचे दोन मोठे डोळे एखाद्या वस्तूवर रोखायचे तर त्याला सारे अंगच तिकडे फिरवावे लागते.

हे घडले हैदराबादेत, विद्यापीठाच्या निवासात. थैली मी फाडली, तेव्हा पोरांचे पालकत्व माझ्याकडे आले, असा सोयीस्कर तर्क मी केला. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, तोंडाला मलमलीचे फडके, आत ओल्या कापसाचा बोळा, आणि केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे, एवढ्यावर संसार मांडला. एका बाटलीत दोघांना ठेवले तर सकाळी एकच उरतो, हा धडा पहिल्याच रात्री मिळाला. नऊ पोरे ठेवली. बाकीची गच्चीवरच्या कुंड्यांत सोडून दिली.

घरकामाला येणाऱ्या बाईंनी बाटल्या पाहिल्या आणि तेलुगूत विचारले, ‘‘हे सालेपुरुगु कोंडून कशाला ठेवलेत, सार?’’ ‘साले’ म्हणजे विणकर, आपला साळी. ‘पुरुगु’ म्हणजे किडा. तेलुगू माणसाने या प्राण्यात विणकर पाहिला, मराठी माणसाने जाळे टाकणारा कोळी पाहिला, संस्कृताने नाभीत लोकर बाळगणारा ऊर्णनाभ पाहिला. आणि मुंडकोपनिषदाने तर, तंतू आपल्यातून काढून पुन्हा आपल्यात घेणारा म्हणून, अक्षरापासून विश्व कसे उद्भवते याच्या दृष्टांतालाच त्याला बसवले. माझ्या बाटल्यांतली पोरे यांपैकी कोणत्याच नावाला जागत नव्हती. ती भक्ष्यासाठी जाळे विणतच नाहीत. चिलटाकडे टक लावतात, मांजरासारखी दबकत जातात, पायाखाली एक धागा चिकटवतात आणि झेप घेतात. झेप चुकली तर त्याच धाग्याने लोंबकळत परत वर येतात. नाव ठेवणाऱ्यांनी जाळे पाहिले, कोळी पाहिलाच नाही, असे मला वाटू लागले. यात मी माझ्याच व्यवसायाची निंदा करतो आहे, याची मला जाणीव आहे.

भिंगातून दिसले ते याहून विलक्षण होते. या कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांचे भिंग जागचे हलत नाही. त्याच्यामागे एक लांबट नळी असते आणि तिच्या टोकाचा दृष्टिपटल तेवढा तो आतल्या आत फिरवतो. मोठ्या कोळ्यात हे बाहेरून कळणे कठीण. पोरांचे अंग मात्र पहिले काही दिवस अर्धपारदर्शक असते. पोर निश्चल बसलेले, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी काळसर इकडून तिकडे सरकते आहे! ते माझा चेहरा न्याहाळत होते. जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या डॅनिएला रॉस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली अशाच एका जातीच्या पोरांचे रात्री चित्रण केले, तेव्हा विश्रांतीतही हे पटल मधूनमधून हलते आणि त्याच वेळी पाय आखडतात, थरथरतात, असे त्यांना आढळले. माणसाच्या स्वप्नांच्या झोपेशी त्याचे साम्य आहे, एवढेच त्यांनी म्हटले. कोळी स्वप्न पाहतो असे म्हटले नाही. हा संयम मला आवडला.

तिसऱ्या बाटलीतले पोर एके सकाळी पाय आखडून मेलेले आढळले. हळहळत मी फडके सोडले, आणि त्या कलेवरामागून तेच पोर, थोडे मोठे आणि अधिक गडद होऊन, बाहेर आले. कलेवर म्हणजे टाकलेली कात होती. नखांपर्यंत आठही पाय तीत शाबूत होते.

एवढे पाहूनही मी शहाणा झालो नाही. पाचव्या बाटलीतल्या पोराने चार दिवस काही खाल्ले नाही; रेशमाची लहानशी पिशवी विणून ते तीत पडून राहिले. जो गप्प बसतो त्याच्यापुढे काहीतरी ठेवावे, ही माझी वर्गातली जुनी सवय. संध्याकाळी मी तीन चिलटे आत सोडली. ती रात्रभर त्या पिशवीवर आदळत राहिली असावीत. सकाळी पोर अर्धे कातीबाहेर होते. पुढचे दोन पाय जुन्या कातडीत अडकलेले, आणि नवी कातडी तशीच वाळून कडक होऊ लागलेली. कात टाकताना कोळी इतका मऊ असतो की त्याला दंशही करता येत नाही. त्या वेळी त्याला अन्न नको असते, एकांत हवा असतो. हे मी नंतर वाचले. सुईच्या टोकाने ते पाय सोडवण्याचा मी प्रयत्न केला, तोही करायला नको होता. दुपारपर्यंत ते हलत होते. चिलटांमुळेच ते गेले असे मला सिद्ध करता येणार नाही. पण चिलटे मी सोडली होती.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाटली विसळली आणि उपडी घालून ठेवली.

त्यानंतर मी हात आखडता घेतला. सातव्या बाटलीतल्या पोराचा एक पाय फडक्याच्या गाठीत सापडून तुटला होता. मी काही केले नाही. पुढच्या कातीनंतर तिथे आखूड, फिकट असा पाय आला, आणि त्याच्या पुढच्या कातीनंतर तो बाकीच्यांत ओळखू येईना.

पावसाळा सरता सरता आठही बाटल्या शब्दकोशाच्या कपाटात आडव्या ठेवून मी फडकी सोडली. सहा जण लगेच गेले. दोघांना बाहेर पडायला दुसरा दिवस उजाडला. दिवाळीच्या आधी बाई केरसुणी घेऊन जळमटे काढायला आल्या, तेव्हा त्या कपाटापाशी थांबल्या आणि मला विचारून पुढच्या खोलीत गेल्या.