सुरतेचा मुक्काम

बुधवार. उधना, रात्री पावणेबारा

जळगावलाच गाडी पन्नास मिनिटं उशिरा. नंदुरबारला आणखी वीस मिनिटं कशासाठी थांबलो ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. डावा पाय सुजलाय. हे बूट इंदूरच्या डॉग शोपासून चावतायत, तरी तेच घालून आले, कारण रिंगमध्ये घसरत नाहीत.

नवापूरला पाय मोकळे करायला उतरले. या स्टेशनात राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या बॅगेवरचं कुत्र्याचं चित्र पाहिलं, मोबाइल काढला आणि जावयाच्या पॉमेरेनियनचा फोटो दाखवला. "ओरिजिनल आहे का हो?" फोटोत पॉमेरेनियन उशीवर झोपलेला, निम्मा चादरीखाली.

खर्च : घर ते स्टेशन रिक्षा १२०. पाणी २०. चहा दोनदा २०. नंदुरबारची मिरचीभजी ३० (तोंड अजून पोळतंय). उधन्याहून अक्काकडे रिक्षा, मागितले १५०, दिले १००. शोवाल्यांची गाडी स्टेशनवर येणार होती. आली नाही.

अक्का दारातच उभी. "कुत्रासले नंबर देवासाठे इतला दूर उनी का वं?" त्यासाठीच आले असं म्हटलं असतं तर रुसली असती. तुझ्यासाठी आले म्हटलं, तर विश्वास ठेवला नाही.

गुरुवार. रात्री

दिवसभर घरातच. अक्काचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. भावोजी बहात्तरच्या दुष्काळानंतर शिंदखेड्याकडून आले ते संचाखात्यात लागले. बारा-बारा तासांची पाळी, पंधरवड्याला दिवसाची नि रात्रीची अदलाबदल. लूमच्या आवाजाने कान गेले. आता टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्यांना वेगळा टीव्ही घ्यावा लागत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात अहिराणी इतकी कानावर येते की आपण तापीच्या मुखाशी आहोत हे विसरायला होतं. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील, नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील. खानदेशी माणूस इथे पाहुणा राहिलेला नाही.

भाचेसून साडीवर टिकल्या चिकटवते. मार्केटमधून गठ्ठा येतो, संध्याकाळी परत जातो. सकाळपासून दुपारपर्यंत ती मान वर करत नाही. मीही मदतीला बसले. तासाभरात तिने माझी साडी हळूच बाजूला ठेवली आणि मी उठल्यावर टिकल्या काढून पुन्हा लावल्या. परीक्षकाची परीक्षा झाली.

संध्याकाळी भाच्याने पोंक आणला. हिरव्या ज्वारीचा कोवळा दाणा, भाजून झोडून काढलेला, सोबत लिंबू-मिरीची शेव. आपल्याकडे हुरडा शेतात बसून खातात, इथे तो नदीकाठच्या गाड्यांवर पिशवीतून मिळतो. थंडीचे दोन-तीन महिनेच. पोंकाचे वडेही आणले होते. जेवण झाल्यावर खाल्ले, पुन्हा जेवण झालं. "सुरतनुं जमण ने काशीनुं मरण" असं गुजराती माणूस म्हणतो. माझ्या बाबतीत दोन्ही इथेच होईल.

शुक्रवार

सकाळी शोवाल्यांचा फोन : गाडी दहाला येईल. अकराला आली नाही. साडेबाराला मीच रिक्षाने. १८०. मैदान बघितलं. रिंग उतारावर आखली होती. हलवायला सांगितली. हलवतो म्हणाले. चहा. परत रिक्षा २००, रस्ता खोदलेला. औषधाचं दुकान, पायाची पट्टी ६५. लोचो ५०. डोकं दुखतंय. झोपते.

शनिवार. रात्री दहा

पतंगांचा हंगाम. उत्तरायण तोंडावर आलेलं, त्यामुळे फुटपाथच्या कडेला दोन खांबांमध्ये दोरा ताणून सुरती मांजा रंगवतायत, गुलाबी नि पिवळा. भाचा म्हणाला, "मावशी, महाराज पण जानेवारीतच आले होते." १६६४ च्या जानेवारीत. मी म्हटलं, त्यांच्यासाठी कुणी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं नव्हतं.

त्याच्याबरोबर महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात गेले. दुकान असं नाहीच. माणसं स्कूटरच्या सीटवर, ओट्यावर, पानाच्या टपरीपाशी. खिशातून कागदाची घडी निघते, उलगडते, त्यात लाखांचा माल. डोळ्याला भिंग, दोन शब्द, घडी बंद. खाजोदला केवढं थोरलं डायमंड बुर्स बांधलंय, २०२३ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी उद्घाटनही केलं, पण गल्लीत गर्दी आहे तशीच.

रात्री परीक्षकांचं जेवण. दुसऱ्या परीक्षक थायलंडच्या. उंधियू त्यांना फार आवडला. गाडी त्यांच्यासाठी वेळेवर आली होती.

रविवार. रात्री साडेबारा, पाय गरम पाण्यात

रिंग उतारावरच. म्हणून आधी सगळ्यांना उलट्या दिशेने पळवलं, म्हणजे निदान चढावर मागच्या पायांचं खरं कळेल. हँडलर कुरकुरले.

सकाळी गट पाच. हस्की. सुरतेत हस्की! जानेवारीतही दुपारी तीस अंशांच्या आसपास जातं, आणि हे बर्फावर गाडी ओढायला घडलेलं, दुहेरी केसांचं कुत्रं जीभ बाहेर काढून उभं. मालकाने सांगितलं, एसी चोवीस तास चालू असतो. मी विचारलं नव्हतं. कुत्री वाईट नव्हती, एकीची चाल तर सुरेख होती. तिला पहिला नंबर दिला आणि आधी सावलीत न्यायला सांगितलं, मग फोटो.

गट नऊला शिहत्झूंचा पूर आला. केस जमिनीपर्यंत, डोक्यावर रबरबँड, टेबलावर चढवायचं, हाताने चाचपायचं. केस फसवतात, हात फसत नाहीत. खाली पाठ लांब निघते, छाती अरुंद निघते. नराची दोन्ही अंडं उतरलेली आहेत की नाहीत हेही हातालाच कळतं, आणि नसतील तर मालकाचा चेहरा आधी सांगतो. एका वर्गात मी चॅलेंज सर्टिफिकेट रोखलं. पहिला नंबर दिला, पण सर्टिफिकेट नाही. वर्गात पहिला येणं म्हणजे तिथे हजर असलेल्यांत बरा असणं. चॅम्पियनकीकडे नेणारा कागद त्यावर देता येत नाही. मालक म्हणाले, मॅडम, बारा तास गाडी चालवून आलोय. मलाही बारा तास लागल्यासारखंच वाटत होतं, पण ते कुत्र्याच्या दातांत बसत नाही. खालचा जबडा वाकडा होता.

गट दहा. दोन कारवानी. हीच ती मुधोळची, केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी कॅरव्हॅन हाउंड. २००५ साली चार देशी जातींवर टपाल तिकिटं निघाली त्यांत मुधोळ होती. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिला पुढे आणलं. रिंगच्या कडेला नेहमीचा प्रश्न आलाच : "याला खायला घालत नाहीत का?" बरगड्या दिसायलाच हव्यात, बाबांनो. सशामागे धावणारं कुत्रं आहे, लग्नाला निघालेलं नाही. सांगलीकडची मादी अप्रतिम, खांद्याचा उतार बघत राहावा असा. गटात पहिली केली. शेवटच्या फेरीत मात्र लाउडस्पीकरला बुजली, शेपूट पोटाखाली गेली. बेस्ट इन शो थाई बाईंनी शिहत्झूला दिलं. दुसऱ्या परीक्षकाच्या निकालावर बोलू नये, म्हणून बोलले नाही. माझ्या हातात असतं तर डॉबरमन.

आता गेटवरच्या माणसाचं. दुपारच्या सुट्टीत स्टूअर्ड पोरगा सांगत आला, गेटवर एकजण सकाळपासून उभा आहे, कुत्रं घेऊन. नोंदणी नसलेलं कुत्रं आत आणता येत नाही, पार्व्हो-डिस्टेंपरच्या भीतीने ते बरोबरच आहे. पुढे जाऊन पाहिलं. पन्नाशीचा काठियावाडी, अमरेलीकडचा, हिऱ्याच्या कारखान्यात सॉर्टिंगला. सुतळीच्या दोरीला पांढरं-तपकिरी, एक कान उभा, एक पडका.

"बेन, आ ओरिजिनल छे?"

त्याने पैज लावली होती. कारखान्यातल्या कुणीतरी म्हटलं, हे गल्लीतलं आहे, आणि याने सांगितलं, नाही, यात विलायती रक्त आहे. मी म्हटलं, तुम्ही दिवसभर हिरे निवडता, तुम्हीच सांगा, नजरेने ओळखता की कागदाने? तो खुलला. मग दहा मिनिटं मीच शिकत होते. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, पांढरा कागद, भिंग, रंगाचे ढीग वेगळे, डागाचे वेगळे. डोळा सकाळी ताजा असतो, चारनंतर पिवळा दिसायला लागतो, म्हणून महागडा माल सकाळीच उघडायचा. (माझंही तसंच आहे. दुपारनंतरचे वर्ग मी स्वतःला दटावून बघते.) पण आता सीव्हीडी आले, यंत्रात वाढवलेले. तोही हिराच, नुसत्या डोळ्याला कळत नाही, मशीनलाच कळतं. भाव कोसळले, त्याचा पगारही खाली आला. "तीस वरसनी नजर, बेन," एवढं म्हणून गप्प झाला.

मी त्याचं कुत्रं रिंगमधल्यासारखंच बघितलं. दात, खांदा, पाठ, मग स्टूअर्ड पोराला म्हटलं, सरळ पळव, परत आण. खांदा ठीक. मागचे पाय आत येतात. दातांवर पिवळा थर, कारण खाणं काय तर चहा-खारी. कानामागे बुरशी. रेबीजची लस? नाही दिली. कधीच? कधीच नाही, घरचंच आहे ना. इथे माझा आवाज चढला. दोन पोरं आहेत घरात! उद्याच्या उद्या टोचून आण, मग जात विचार. त्याच्या हातावर लिहून दिलं.

तो ऐकून घेऊन पुन्हा मूळ मुद्द्यावर : पण जात?

थकले होते. म्हटलं, सुरती. सुरती म्हैस असते, सुरती शेळी असते, तसं हे.

त्याने मान डोलावली, कुत्र्याकडे नव्या नजरेने पाहिलं आणि मोबाइलवर कुणालातरी लगेच कळवलं. वर्षभरात सुरतेत कुणी "सुरती" जातीची पिल्लं विकायला काढली तर वाचकांनी मला शोधत येऊ नये.

सोमवार

झोपले. उठले, घारी खाल्ली, झोपले. अक्काने पायाला तेल चोळलं. कुणीतरी पिल्लाचे तीन फोटो पाठवलेत.

मंगळवार. रात्री

सगळे मिळून सुवाळीला, समुद्रावर. वाटेत हजिऱ्याचे कारखाने, मग एकदम काळसर वाळू, उंट, भाजलेली कणसं. मोगल काळात इंग्रजांची जहाजं या सुवाळीच्या खाडीशीच नांगर टाकत. सर थॉमस रो १६१५ साली इथे उतरला, जहांगीरच्या दरबारात जायला. आणि माझ्या धंद्याची गंमत म्हणजे इंग्रजांनी जहांगीरला दिलेल्या नजराण्यांत मॅस्टिफ जातीची कुत्री होती. बादशहाला तलवारी, चित्रं, आणि एवढाली कुत्री. बोटीवरचे ते महिने त्यांनी कसे काढले असतील? विलायती कुत्र्यांचं आपलं वेड चारशे वर्षांचं आहे आणि बहुधा याच किनाऱ्याने आत आलं. काल-परवाचे हस्कीवाले उगाच बदनाम.

मी हे सगळं भाचेसुनेला सांगत होते. ती म्हणाली, मावशी, सहा महिन्यांनी घराबाहेर पडले, गप्प बसा ना थोडा वेळ. बसले.

अक्का मात्र परतताना बोलत राहिली. ९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा अर्धं शहर पळालं. अक्का-भावोजीही मिळेल त्या गाडीने गावी गेले, डब्यात उभं राहायला जागा नव्हती. गल्लीत एक लंगडी कुत्री होती, तिला अक्का भाकरी घालायची. परत आले तेव्हा ती दिसली नाही. पुढे २००६ च्या पुरात खालची खोली बुडाली, तेव्हाची दुसरी कुत्री मात्र अक्काने स्वतः वर पत्र्याच्या खोलीत नेली, भावोजी ओरडत असताना. मला हे माहीत नव्हतं. मी आयुष्यभर समजत होते की कुत्र्यांचं खूळ घरात मला एकटीलाच.

बुधवार. परतीच्या गाडीत

अक्काने शिदोरीत काय काय भरलंय ते उघडून बघायचं धाडस नाही. भाच्याने स्टेशनवर सोडलं. भावोजींनी खिडकीतून पाचशेची नोट कोंबली, लहानपणी कोंबायचे तशी.

बार्डोली, व्यारा, नवापूर गेलं. पुढचा शो नागपूरला, तिथला मजकूर पुढच्या अंकात.

तोवर एक विनंती. या लेखमालेच्या पत्त्यावर पिल्लांचे फोटो येतात, सोबत एकच प्रश्न : शुद्ध आहे का? फोटोवरून ते कळत नाही. नोंदणीचा कागद आणि मायक्रोचिपचा नंबर जुळतो का ते पाहा, पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा, जमलं तर बापही. आणि पिल्लू आधीच घरात आलं असेल तर मला विचारू नका. रेबीजची लस दिली का, तेवढंच कळवा.