अहमदाबादच्या जुन्या शहरात दोन रात्री

खानदेशच्या शेतकऱ्याला अहमदाबाद हे नाव कापसामुळे ठाऊक. रणछोडलाल छोटालाल यांची या शहरातली पहिली कापडगिरणी १८६१ साली सुरू झाली, आणि पुढे शंभर वर्षे गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठत-बसत होते. आता त्या जुन्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या आहेत. पण गिरण्या येण्याच्याही साडेचारशे वर्षे आधी, १४११ साली, सुलतान अहमदशहाने साबरमतीच्या काठी जे गाव वसवले, ते जुने शहर अजून नांदते आहे. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा शहर ठरवले. हा मान मिळालेले ते भारतातले पहिले शहर.

अशा शहरात पाहुणा म्हणून जावे तर राहायचे कुठे, हा आपल्यासारख्यांचा पहिला प्रश्न. फार भारी हॉटेलात जीव गुदमरतो आणि खिसाही. अगदी स्वस्त लॉजमध्ये बायकामाणसांना घेऊन उतरवत नाही. मधल्या दराचे बरे हॉटेल जुन्या वस्तीतच पाहावे, असे मी नेहमी सुचवतो. भाडे बेताचे पडते, रिक्षाचा खर्च वाचतो, आणि खोलीबाहेर पाऊल टाकले की पाहण्यासारखे सारे समोर असते.

गेल्या फेब्रुवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही चौघे गेलो होतो. मी, आमची सौभाग्यवती, माझे थोरले चुलतबंधू दादा आणि वहिनी. जळगावला नवजीवन एक्सप्रेसमध्ये बसलो ते थेट अहमदाबादला उतरलो. या स्टेशनाला तिथले लोक काळूपूर म्हणतात. यजमानांचे घर लहान आणि पाहुणे उदंड, म्हणून लग्न आटोपल्यावर दोन रात्री आम्ही रिलीफ रोडजवळच्या एका हॉटेलात काढल्या. या रस्त्याचे कागदोपत्री नाव टिळक रोड आहे, हे कळल्यावर दादांना फार बरे वाटले.

हॉटेल म्हणजे जुन्याच एका वाड्याची डागडुजी करून वर दोन मजले चढवलेले. एका खोलीचे सोळाशे रुपये सांगितले. दोन खोल्या, दोन रात्री म्हटल्यावर चौदाशेवर आले. व्यवस्थापक चाळिशीचा, बोलायला गोड. "आवो काका" म्हणून त्याने आधी पाणी दिले आणि मग चौघांचीही आधार कार्डे मागितली. ओळखपत्र प्रत्येकाचे लागते, कुटुंबप्रमुखाच्या एकट्याच्या कार्डावर भागत नाही, हे निघताना ध्यानात ठेवावे.

पैसे देण्याआधी वहिनींनी खोली पाहायला मागितली. बाजारात बैल पारखावा तशी त्यांनी ती पारखली. चादर उलटून पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी आतून लावून पाहिली, संडासात पाणी ओतून पाहिले. व्यवस्थापकाला राग आला नाही. उलट तो म्हणाला की असे पाहून घेणारी गिऱ्हाईके मागाहून भांडत नाहीत. वाचक भगिनींनी हा धडा गिरवावा. आणखी चार गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. खोली सोडायची वेळ दुपारी बाराची की आल्यापासून चोवीस तासांची? गरम पाणी किती वाजेपर्यंत? सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे की वेगळा? खिडकी रस्त्याकडे की मागच्या पोळीकडे? रस्त्याकडच्या खोलीत रात्री बारापर्यंत गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. आम्ही मागची बाजू घेतली. पहाटे अजान आणि पाठोपाठ देवळातली घंटा ऐकू आली, पण आपण शेतकरी माणसे, त्या वेळेला उठलेलेच असतो. गादी फार मऊ म्हणून दादा मात्र दोन्ही रात्री खाली सतरंजीवर निजले.

पोळ म्हणजे आपल्याकडची आळी. पण तिला एकच वेस आणि ती वेस रात्री बंद होई. आत अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी नक्षीच्या खांबांची घरे, मध्ये देऊळ, विहीर आणि चौकात चबुतरा. चबुतरा म्हणजे उंच खांबावर बांधलेले छोटे छत्र. त्यात पोळीतली माणसे पाखरांना दाणे टाकतात. दादा ते पाहून हसले. "आपण माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो, अन् हे लोक पाखरांसाठी माडी बांधतात!" मी म्हटले, इथे कणीस नाही म्हणून माया आहे. यावर वहिनी म्हणाल्या, "माया करायला कणीस कशाला मोजायचं?" आम्ही दोघेही गप्प बसलो.

हॉटेलच्या खालच्या चौकात फरशीत एक गोल झाकण होते. मला वाटले गटाराचे असेल. व्यवस्थापकाने ते उघडून दाखवले, तर खाली पाण्याचे टाके. पोळीतल्या जुन्या घरांतून अशी टाकी असत. पावसाळ्याआधी छप्पर आणि गच्ची झाडून स्वच्छ करायची, पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्यायचे आणि मग पन्हळीचे तोंड टाक्याकडे वळवायचे. टाके जमिनीखाली, आतून चुन्याचा गिलावा केलेले, वर घट्ट झाकण. उजेड नाही म्हणून शेवाळ नाही, कचरा नाही म्हणून किडे नाहीत. पुढच्या पावसापर्यंत पिण्याचे पाणी घरातच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळ आले आणि टाकी मागे पडली. काही बुजली, काही अजून भरतात.

माझा धंदाच विस्ताराचा, म्हणून तिथेच वहीत हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपले पत्र्याचे घर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर धरा. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या पत्र्यावर २७,००० लिटरांहून जास्त पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सुमारे २२,००० लिटर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज ४० लिटर धरले, तर आठ महिन्यांना ९,६०० लिटर पुरतात. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाक्यात १०,००० लिटर मावते. म्हणजे आपल्या पत्र्यावरून ओघळून उकिरड्याकडे जाणाऱ्या पाण्यापैकी निम्मे धरले, तरी घरातल्या बाईची उन्हाळ्यातली टँकरमागची धावपळ थांबते. टाके पक्के आणि बंद हवे, आणि पाणी उकळून किंवा औषध टाकून प्यावे, एवढी काळजी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणेकचौकात गेलो. या एकाच चौकाचे दिवसात तीन अवतार होतात. सकाळी गायींना चारा घालणाऱ्यांची गर्दी, दुपारी सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री खाण्याच्या गाड्या. वहिनींनी हिरव्या चाऱ्याची पेंढी विकत घेऊन गायीला घातली. तिची किंमत ऐकून दादा म्हणाले, "या भावात आपला मका इथंच आणून विकला पाहिजे." जवळच १४२४ साली पुरी झालेली जामा मशीद आहे. तिच्या दगडी खांबांच्या रानात उन्हाळ्यातही गारवा राहावा अशी बांधणी आहे.

तिथून चालत तीन दरवाजापर्यंत गेलो. तीन कमानींची ही वेस शहराइतकीच जुनी. खाली कपड्यांचा, भांड्यांचा, खेळण्यांचा बाजार इतका दाट की वर मान करून पाहायला कोणाला सवड नाही. तिच्या एका कोनाड्यात दिवा जळत ठेवण्याची रीत आहे. लोक गोष्ट सांगतात ती अशी. एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली. कोतवालाने तिला वेशीपाशी अडवले आणि बादशहाची परवानगी घेऊन मी परत येईपर्यंत इथेच थांब, असे वचन घेतले. मग तो बादशहाकडे गेला आणि त्याने स्वतःचे शिर उतरवून घेतले. तो परतलाच नाही, म्हणून लक्ष्मी अजून तिथेच आहे. कोतवाल मुसलमान, देवी हिंदूंची, आणि दिव्याची सेवा करते ते घर मुसलमानाचे.

पण आम्हाला व्यवस्थापकाने मुद्दाम धाडले होते ते दिव्यासाठी नव्हे. "तुम्ही मराठी आहात, तर तुमचा दगड पाहून या," असे तो म्हणाला होता. १७५३ साली राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१७ पर्यंत तिथे मराठी अंमल होता. त्या अमलातले सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा १८१२ सालचा हुकूम या वेशीवर दगडात कोरलेला आहे. लिपी देवनागरी. भावार्थ असा की, बापाच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा विनातक्रार मिळावा. जो अडवील त्याला हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जाब द्यावा लागेल.

मी हे सांगितले तेव्हा दादा काही बोलले नाहीत. त्याला कारण होते. आमचे थोरले काका दोन वर्षांपूर्वी वारले. दादांना दोन बहिणी, दोघी चांगल्या घरी दिलेल्या. काकांची बारा एकर जमीन दादाच कसतात. बहिणींचे हक्कसोडपत्र तयार करून ठेवले होते आणि आखाजीला त्या माहेरी आल्या म्हणजे सह्या घ्यायच्या, असे ठरले होते. बहिणींना मात्र अजून कोणी विचारले नव्हते. विचारायचे काय त्यात, सगळ्यांचे असेच होते, असा सारा मामला.

वहिनी त्या वेशीखालीच म्हणाल्या, "सरकारनं आत्ता कायदा केला म्हणून आपण ओरडतो. हे तर दोनशे वर्षांपूर्वीचं." त्यांच्या स्वतःच्या माहेरी त्यांनी अशीच सही केली होती, आणि ती करताना कागद कोणी वाचून दाखवला नव्हता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

रात्री हॉटेलच्या गच्चीवर बसलो असताना दादांनी कायदा विचारला. मला जेवढा पक्का ठाऊक होता तेवढा सांगितला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरल्या जात नाहीत. बहिणीने हक्क सोडला तर तो सोडता येतो, पण समजून, खुशीने आणि नोंदणी करून. सणाच्या गडबडीत, पुरणाच्या ताटाशेजारी पुढे केलेला कागद ही खुशी नव्हे.

दादांची बाजूही खोटी नाही. बारा एकरांचे तीन हिस्से झाले तर विहीर कोणाकडे, बांध कुठे, कर्ज कोणाच्या नावावर? काकांचे आजारपण त्यांनीच काढले, दोघींची लग्नेही त्यांनीच केली. जमिनीचे तुकडे पडले की शेती परवडत नाही, हे मीच सभांमधून सांगत आलो आहे. पण नाव लावणे म्हणजे तुकडे पाडणेच असे नाही. सातबाऱ्यावर तिघांची नावे राहून जमीन एकत्र कसता येते, उत्पन्नाचा वाटा ठरवता येतो, किंवा बहिणीच्या मनात असेल तर मोबदला देऊन तिचा हिस्सा घेता येतो. बसून बोलले तर वाटा निघतात.

निघताना व्यवस्थापकाने पावती नीट करून दिली आणि वाटेसाठी गाठियाची पुडी बांधून दिली.

एप्रिलमध्ये आखाजी झाली. दोघी बहिणी आल्या, झाडाला झोके बांधले, सांजोऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी पेटीतून तो कागद काढला आणि सही न मागता सगळा वाचून दाखवला. मग दोघींना विचारले, "तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा." धाकटी रडली. थोरली म्हणाली, की तिला विचार करायला दिवाळीपर्यंत वेळ हवा. दादांनी कागद घडी घालून तिच्याच हातात दिला.

यंदा दिवाळीला तिघे भावंडे एकत्र बसतील. काय ठरेल ते त्यांचे ते ठरवतील. दादांच्या घराच्या पूर्वेला मात्र टाक्याचा खड्डा खणून झाला आहे. अडीच मीटर, दोन मीटर आणि दोन मीटर.