सनद आणि दप्तर

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून सिमकार्डाची खाच उरलेली नाही, हे मी वर्तमानपत्रांतून वाचले होते. परंतु वाचणे निराळे, आणि पुण्याचे सिमकार्ड डाव्या तळहातावर व ती टोकदार सुई उजव्या चिमटीत धरून नव्या फोनच्या चारही कडा चाचपीत बसणे निराळे. खालच्या कडेला जी छिद्रे होती ती आवाजाची निघाली. फोन उत्तम, आवाज स्वच्छ, छायाचित्रे नामी, आणि तरीही मनात जी चीड उत्पन्न झाली ती दोन दिवस शमेना, तेव्हा तिचा छडा लावणे प्राप्त झाले.

वस्तुतः सिमकार्ड आणि त्याच्या जागी आलेले ई-सिम या दोन्ही प्रकारांत सत्त्व एकच आहे. १२.३ गुणिले ८.८ मिलिमीटरच्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यात ग्राहकाची ओळख आणि एक गुप्त किल्ली असते; ई-सिममध्ये तोच ऐवज फोनच्या अंगभूत चिपवर कंपनी इंटरनेटद्वारे लिहून देते. निःपक्षपातीपणे पाहता नव्याचे गुण थोडे नाहीत. चोराला ते उपसून फेकता येत नाही, प्रवासात हरवत नाही, आणि शिकागोचा क्रमांक व पुण्याचा क्रमांक एकाच फोनात शेजारी शेजारी नांदतात. इकडे शिकागोतल्या बहुतेक मराठी घरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक जुनाट फोन केवळ बँकेचे ओटीपी येण्यासाठी अहोरात्र चार्जरला जखडलेला असतो, आणि जुलैत प्राप्तिकराचे विवरण भरण्याची घाई सुरू झाली की सारे कुटुंब त्याच्याभोवती गोळा होते. त्या बिचाऱ्याची सुटका ई-सिमने होईल, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

मग चीड कशाची? पेशवाईत कोणाला गाव इनाम मिळाले म्हणजे त्याच्या हाती शिक्क्याची सनद पडे आणि तिची नोंद हुजूर दप्तरात राही. पुढे इंग्रज सरकारने १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनला अधिकार देऊन ज्याच्या त्याच्या हक्काची तपासणी मांडली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध उपभोग घेत आलेल्या खानदानी घराण्यांनी माळ्यावरचे रुमाल सोडून सनदा धुंडाळल्या. ज्यांना कसरीने खाल्लेली का होईना पण सनद सापडली, त्यांना निदान ती पुढे करून भांडता आले, आणि ज्यांची सारी भिस्त दप्तरातील नोंदीवर होती, त्यांच्या वाट्याला अर्ज, विनंत्या आणि हेलपाटे आले, कारण दप्तर ज्याच्या ताब्यात तोच पुरावा मागणारा होता. सिमकार्ड ही माझ्या हातातली सनद आहे; ई-सिम ही परक्याच्या दप्तरातील नोंद. कोणी म्हणेल की कंपनीने नाव खारीज केले तर सिमकार्डही कचराच, आणि ते खरे आहे; परंतु नाव कायम असेतो एका फोनातून काढून दुसऱ्यात घालण्यास मला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि ज्याचा मुलुखाशी राहिलेला सारा व्यवहार एका दहा अंकी क्रमांकावर लोंबकळत आहे, त्याला ही मुभा लहान वाटत नाही.

ज्यांना यंदा सुट्टीत घरी जायचे आहे त्यांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. ई-सिमचा अर्ज तेथे असतानाच, जुने सिम चालू असताना करावा, कारण विनंतीचा संदेश त्याच क्रमांकावरून जातो आणि कंपनीची उलट विचारणाही त्यावरच येते. त्याआधी आपला ईमेल कंपनीकडे बिनचूक नोंदलेला आहे याची खातरजमा करावी. क्यूआर कोड ईमेलवरच येतो, आणि तो ज्या फोनने टिपायचा त्याच फोनवर उघडून उपयोग नसल्याने दुसरा पडदा, म्हणजे भाच्याचा लॅपटॉप, हाताशी ठेवावा. सिम बदलताच पहिले २४ तास त्या क्रमांकावरील एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेला हा निर्बंध शहाणपणाचाच आहे, पण विमानाच्या आदल्या रात्री हा उद्योग केल्यास बँकेचे काम अडलेच म्हणून समजा. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून एक ओटीपी मागवून पाहावा, आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नये. दीर्घकाळ निपचित पडलेला क्रमांक काढून घेऊन दुसऱ्या ग्राहकास दिला जातो.

यानंतर परदेशात फोन फुटला तर काय, हा प्रश्न उरतोच. ज्या कंपन्यांनी ई-सिम एका फोनातून दुसऱ्यात परस्पर सरकवण्याची सोय दिली आहे त्यांचे ग्राहक सुखी. इतरांना नवा कोड हवा, तो मागण्याचा संदेश फुटलेल्या फोनातील क्रमांकावरून हवा, आणि ते न जमल्यास ओळखपत्रासह दुकानात जातीने हजर राहणे आले. माझ्या एका स्नेह्याला ग्राहकसेवेतील मुलीने अत्यंत आर्जवी स्वरात जवळच्या शाखेत येण्यास सांगितले. तो त्या वेळी मिशिगन सरोवराच्या काठी उभा होता.

तेव्हा माझा निवाडा असा: शिकागोचा क्रमांक खुशाल ई-सिमवर असावा, कारण त्याचे दुकान कोपऱ्यावर आहे, पुण्याचा मात्र जोवर खाचेचा फोन मिळतो तोवर कार्डावरच राहू द्यावा. अशा फोनासाठी मी जुन्या मालाच्या बाजारात चार डॉलर जास्त मोजायला तयार आहे, आणि चिरंजीव त्यास हट्ट म्हणतात, तर खुशाल म्हणोत.