जागच्या जागी

शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एकच घाई असते: हेलिकॉप्टर उलटं कधी उडवायचं? व्हिडिओत त्यानं तेच पाहिलेलं असतं. मी सांगतो, आधी ते छातीइतक्या उंचीवर, शेपटी आपल्याकडे ठेवून, जागच्या जागी उभं कर. बॅटरी उतरेपर्यंत. बाकीचं मग बघू. त्याला ही टाळाटाळ वाटते. आधी विमानाची मॉडेलं उडवलेल्याला तर हमखास वाटते, कारण नीट ट्रिम केलेलं विमान स्टिक सोडली तरी काही क्षण सरळ जात राहतं. हेलिकॉप्टरचं तसं नाही. हवेत उभं असलेलं हेलिकॉप्टर प्रत्येक क्षणी कुठल्या तरी बाजूला निघालेलं असतं, आणि ते निघालंय हे नवख्या डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्याचं कारण रचनेतच आहे. बहुतेक मॉडेलांत, वरून पाहिलं तर, मुख्य रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्यामुळे धड उलट्या दिशेला फिरू पाहतं आणि शेपटीचा छोटा रोटर त्याला रोखून धरतो. रोखता रोखता तो सगळ्या मशीनलाच डावीकडे रेटतो. म्हणून उजवीकडे किंचित कललेलं हेलिकॉप्टरच एका जागी राहू शकतं. अगदी ताठ दिसणारं डावीकडे सरकत असतं. नवख्याला हा कल बिघाड वाटतो. तो वाटू नये म्हणून मी आधी त्याला गुडघ्यावर बसवून दुरून नुसता हा कल पाहायला लावतो.

हॉवर, म्हणजे हे जागच्या जागी उभं राहणं, शिकणं हे मुख्यतः उजव्या अंगठ्याचं शिक्षण आहे. हेलिकॉप्टर पुढे झुकलं की स्टिक जराशी मागे घ्यायची. ते सावरतं. इथंच नवखा स्टिक तशीच धरून ठेवतो आणि ते मागे पळू लागतं. द्यायचं, लगेच काढून घ्यायचं, आणि बऱ्याचदा थोडं उलटही द्यायचं. हे तिन्ही मिळून एक हालचाल. चांगल्या उडवणाऱ्याचा अंगठा पाहिला तर तो थरथरतोय असं वाटेल, इतक्या त्या हालचाली बारीक आणि सततच्या असतात. सिम्युलेटरवर हे महिनोन् महिने करावं. तिथं पडलेलं हेलिकॉप्टर एक बटण दाबलं की पुन्हा उभं राहतं. शेतात पडलं की पाती, मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट आणि गिअरचे दात एकदमच जातात.

आणखी एक. भीतीपोटी सगळे जण वीतभर उंचीवर अडखळत राहतात. तीच सगळ्यांत वाईट जागा. जमिनीला आपटून परतणारा स्वतःचाच वारा हेलिकॉप्टरला तिथं सतत ढकलत असतो. रोटरच्या व्यासापेक्षा वर, म्हणजे माझ्या ४५० आकाराच्या मॉडेलला मीटरभर वर नेलं, की ते बरंच शांत होतं. याच मॉडेलची पाती ३२५ मिलिमीटरची. मिनिटाला सुमारे २६०० फेरे म्हटले तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावतं. हा आकडा मी पहिल्याच दिवशी सांगतो, सहा-सात मीटर मागे उभं करतो, आणि मोटर तोडणारा थ्रॉटल होल्डचा स्विच न पाहता सापडेपर्यंत बॅटरी जोडू देत नाही.

जागच्या जागी न राहण्याचा हा हट्ट फक्त खेळण्यांचा नव्हता. खऱ्या हेलिकॉप्टरांनाही त्यानं दमवलं होतं, आणि त्यावरचा एक मोठा उपाय मॉडेलांवरच सापडला, याचा मला फार अभिमान वाटतो. आर्थर यंग या अमेरिकन माणसानं १९२८पासून बारा-तेरा वर्षं विजेच्या मोटरवर चालणारी छोटी मॉडेलं बांधली, मोडली, पुन्हा बांधली. त्यातून त्याला पात्यांना काटकोनात बसवलेला, टोकांना वजनं असलेला दांडा सुचला. धड कललं तरी फिरता दांडा आपलं प्रतल सहजी सोडत नाही आणि पात्यांनाही सावरून धरतो. ते मॉडेल घेऊन तो १९४१मध्ये बेल कंपनीकडे गेला. ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं ते त्याचं बेल ४७. पुढे १९७०च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओवर चालणारी मॉडेलं खरोखर उडवण्याजोगी केली, तेव्हा फ्लायबारच्या रूपानं त्या दांड्याचा वंश मॉडेलांत परत आला. आता त्याची जागा नखाएवढ्या गायरोंनी घेतली आहे. काही गायरोंत तर बटण दाबलं की हेलिकॉप्टर स्वतःच सरळ होतं. ते बटण असावं, पण पहिले काही महिने त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. अंगठ्याआधी बटण शिकलेला माणूस पुढे अंगठा शिकत नाही.

आम्ही नाशिकचे. गांधीनगरच्या लष्करी धावपट्टीवरून उडणारी चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं पाहत मोठे झालो. त्याच धावपट्टीमुळे आणि ओझरच्या विमानतळामुळे शहराजवळ मॉडेल उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, भाग बघून आम्ही सिन्नरच्या पुढे, कापणी झालेल्या रानात जातो. पहाटे, वारा सुटायच्या आत.

उडवण्याआधी तपासणी. प्रत्येक बॉल लिंक, म्हणजे दांडीच्या टोकाचा सांधा, चिमटीत धरून हलवायची. सैल असेल तर बारीक टक् असं बोटाला कळतं, कानाला नाही. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू थ्रेडलॉक लावून बसवलाय ना, ते आठवायचं. मग पात्यांच्या टोकांना एकाला लाल, एकाला निळी टेप. रोटर वेगात फिरू लागला की डोळ्यांच्या पातळीत, पण लांबून, कडेनं पाहायचं. दोन रंगांच्या दोन रेषा दिसल्या तर एक पातं वर चाललंय. बॅटरी काढायची, त्या पात्याची लिंक अर्धा फेरा फिरवायची, पुन्हा पाहायचं. दोन्ही रंग एका रेषेत मिसळले की थरथर गेलेली असते. हे काम मला उडवण्याइतकंच आवडतं.

सध्या शेजारची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी शिकते आहे. शेपटी आपल्याकडे ठेवून तिचं हॉवर छान बसलंय. नाक आपल्याकडे वळवलं की मात्र डावं-उजवं उलटतं, आणि इथं पुष्कळ जण हा छंद सोडतात.

“काका, डावं म्हणजे माझं की त्याचं?”

“डावं-उजवं सोड. रोटर ज्या बाजूला खाली जातोय, स्टिक त्या बाजूला. कलणाऱ्या मांडवाला टेकू देतात ना, तसं.”

नाक आपल्याकडे असताना हे नेमकं बरोबर येतं. ते एकदा हाताला पटलं की डोक्याला विचारावं लागत नाही. त्या दिवशी तिनं दोनदा सावरलं, तिसऱ्यांदा होल्ड दाबून ते हलकेच गवतात बसू दिलं. होल्ड वेळेवर दाबला म्हणून मी तिचं मनापासून कौतुक केलं.

आता ती आठाचा आकडा काढते. पुढे जाताना रोटरला सतत ताजी हवा मिळते, मशीन हलकं होतं, म्हणून तिला ते हॉवरपेक्षा सोपं वाटतं, आणि ते खरंही आहे. पण नाक आपल्याकडे येणारं वळण ती अजून रुंद आणि घाईनं घेते. रविवारी वारा नसेल तर तिला त्या वळणाच्या मधोमध थांबवायला सांगणार आहे.